कळांची सुई

“सुई मारा, म्हणजे लवकर सुटका होईल.” लेबर रूमबाहेर हे वाक्य हमखास ऐकू येतं. ही घाई आजची नाही, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

राय नावाच्या धान्यावर अरगट ही बुरशी येते. आपल्या बाजरीच्या कणसावर येते ना, त्याच कुळातली. तिची पूड युरोपातल्या सुईणी कळांसाठी द्यायच्या. 1808 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॉ. जॉन स्टर्न्स यांनी पत्र छापून तिचं कौतुक केलं. एक फायदा काय, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो! पुढे मेलेली बाळं जन्मू लागली. 1824 मध्ये डेव्हिड होसॅक यांनी बजावलं की ही प्रसूतीची नव्हे, मरणाची पूड आहे. बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायलाच वापरा.

कारण साधं आहे. दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल पडतं, तेव्हाच बाळाला पुरेसं रक्त पोचतं. अरगटानं ते आवळलेलंच राहतं. बाळ गुदमरतं, कधी गर्भाशयच फाटतं.

मग ऑक्सिटोसिन आलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, 1955 चं नोबेल मिळवलं. सलाईनमधून थेंब मोजून दिलं तर कळा जास्त होताच बंद करता येतं. पण बाळ व्हायच्या आधीच दंडात सुई टोचली की ते परत काढता येत नाही. तीच 10 युनिटची सुई बाळ झाल्यावर द्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव त्यानं आटोक्यात राहतो. औषध तेच, वेळ वेगळी.

2018 मध्ये केंद्र सरकारनं काय केलं? गाई-म्हशींना पान्हा फुटावा म्हणून गैरवापर होतो, या कारणानं खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ते बनवायला बंदी घातली. सगळा भार कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीवर. तुटवडा पडला असता तर मेल्या असत्या बाळंतिणी. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये तो आदेश रद्द केला, बरं झालं. पण गोठ्याच्या या भांडणात लेबर रूममधल्या घाईचा विषय निघालाच नाही.

म्हणून आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला मी दोन प्रश्न लेखी देतोय. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत, फ्रिजमध्येच असतं का? आणि कळांचा तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ, प्रसूती चालू असताना भरतात की नंतर बसून? उत्तर आलं की इथेच टाकतो.