बहिणाबाई : एक स्त्रीनाम आणि त्याची लेखनरूपे

बहिणाबाई : मराठीतील एक स्त्रीनाम. मूळ नाव बहिणा; त्याला ‘बाई’ हे आदरार्थी पद जोडून बहिणाबाई हे रूप रूढ झाले. बहिणी, बहेणी, बहिना, बहिनाबाई आणि बहिणाई ही त्याची इतर रूपे होत. सतराव्या शतकातील वारकरी संतकवयित्री बहिणाबाई (१६२८–१७००) आणि खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या दोघींमुळे हे नाव महाराष्ट्रभर परिचित झाले. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ते छापताना ‘ण’ने लिहिले जाते, बोलताना मात्र बहुधा ‘न’ ऐकू येतो. ‘बहिना’ आणि ‘बहिनाबाई’ या रूपांचे मूळ या फरकात आहे.

व्युत्पत्ती व घडण : संस्कृत ‘भगिनी’, प्राकृत ‘बहिणी’ आणि मराठी ‘बहीण’ असा या शब्दाचा प्रवास आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘भगिनी’साठी ‘बहिणी’ हे रूप विकल्पाने सांगितले आहे. नात्याचा शब्दच व्यक्तिनाम होणे मराठीला नवे नाही. पुरुषांत भाऊराव, दादा, बापू ही नावे आहेत; स्त्रियांत ताईबाई, अक्काबाई आढळतात. समर्थ रामदासांच्या शिष्यांपैकी अक्काबाई याच नावाने ओळखल्या जातात.

बहिणाबाईची जडणघडण संतपरंपरेतील इतर स्त्रीनामांसारखीच आहे. मुक्ता, मुक्ताई, मुक्ताबाई किंवा जनी, जनाई, जनाबाई या मालिकांत मूळ नाव, जिव्हाळ्याचे ‘आई’युक्त रूप आणि आदराचे ‘बाई’युक्त रूप अशा तीन पायऱ्या दिसतात. बहिणा, बहिणाई, बहिणाबाई ही त्याच धर्तीची मालिका आहे.

शेजारच्या गुजरातीत घडण नेमकी उलटी आहे. तिथे बहिणीचा वाचक शब्द ‘बेन’ नावाच्या शेवटी आदरासाठी लागतो. वल्लभभाई पटेलांच्या कन्या मणिबेन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मराठीत बहीण हेच नाव झाले आणि आदराचे काम ‘बाई’ने केले. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे सतत ये-जा असलेल्या खानदेशात या दोन्ही पद्धती लोकांच्या कानांवर असतात.

लेखनरूपे :

*बहिणा* – मूळ रूप. घरगुती हाकेत, ओवीत आणि अभंगात येते.

*बहिणी, बहेणी* – संत बहिणाबाईंच्या अभंगांतील नाममुद्रा. ‘बहिणी म्हणे’ किंवा ‘बहेणी म्हणे’ अशी ती चरणाच्या आरंभी येते. वारकरी पंथाच्या उभारणीला मंदिराच्या पायापासून कळसापर्यंतचे रूपक देणारा त्यांच्या नावावरचा सुप्रसिद्ध अभंग निरनिराळ्या पुस्तकांत पाहिला, तर मुद्रेत कुठे बहिणा, कुठे बहिणी, कुठे बहेणी असे पाठ मिळतात. ‘बहिणी’ हे रूप हेमचंद्राने दिलेल्या प्राकृत रूपाशी अक्षरशः जुळते.

*बहिणाबाई* – प्रमाण लेखनातील रूप. चरित्रे, पाठ्यपुस्तके, शासकीय कागद आणि संस्थांच्या पाट्या यांवर हेच असते.

*बहिना, बहिनाबाई* – लेवा गणबोली व अहिराणी या खानदेशी बोलींतील उच्चाराप्रमाणे केलेले लेखन.

*बहिणाई* – आदर आणि माया एकत्र आणणारे रूप. बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी बोलताना जळगाव परिसरात फार वापरले जाते.

*बहीणाबाई* – ‘ही’ दीर्घ असलेले हे लेखन नियमाला धरून नाही. ‘बहीण’ या अकारान्त शब्दातील उपान्त्य ईकार दीर्घ आहे, पण शब्दाला प्रत्यय लागला की तो ह्रस्व होतो : बहीण, बहिणीला, बहिणाबाई. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखनविषयक नियमांनुसारही ह्रस्व रूपच शुद्ध ठरते. तरी मूळ शब्द डोळ्यांसमोर असल्याने हातून दीर्घ ‘ही’ लिहिली जाते आणि हस्तलिखित अर्जांत, निमंत्रणपत्रिकांत हे रूप भेटत राहते.

खानदेशी उच्चार : जळगाव, यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यातील लेवा गणबोलीत आणि धुळे जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी सामान्यतः ‘न’ येतो. पाणी हे पानी होते, कोण हे कोन होते, लोणी हे लोनी होते. त्याच नियमाने बहीण ही बहीन आणि बहिणा ही बहिना होते. ‘ळ’चा ‘य’ होणे हा याच बोलींचा दुसरा ठळक विशेष. डोळे हे डोये, केळी ही केयी. जळगावचे जयगाव आणि धुळ्याचे धुये. या दोन्ही शहरांची नावे पाटीवर एक आणि बोलण्यात दुसरी असतात, तशीच बहिणाबाई या नावाचीही स्थिती आहे. त्यामुळे ‘बहिना’ हे ‘बहिणा’चे चुकीचे लेखन म्हणून खोडता येत नाही. तो बोलीचा नियमित उच्चार आहे.

फ्रेंच स्त्रीनामांच्या लेखनभेदांशी तुलना केली तर मराठीतील वेगळेपण कळते. फ्रेंचमध्ये मिशेल हे मुलीचे नाव कुणी एका ‘एल’ने, कुणी दोन ‘एल’नी लिहितात, पण दोघींना हाक एकच येते, भेद फक्त कागदावर राहतो. बहिणा आणि बहिना यांतला भेद आधी तोंडात आहे, मग कागदावर. लिहिणाऱ्याने कोणते अक्षर निवडले यावरून तो बोलीच्या बाजूला आहे की छापील मराठीच्या, हे कळते.

संत बहिणाबाई : जन्म शके १५५० (१६२८) मध्ये, वेरूळजवळच्या देवगाव रंगारी येथे. हे गाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात आहे. याच तालुक्यातून औट्रम घाट उतरला की खानदेशातील चाळीसगाव लागते. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. बालवयातच त्यांचा विवाह वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या पाठक घराण्यातील, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या बिजवराशी झाला. भटकंती करीत कुटुंब कोल्हापूरला पोचले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि स्वप्नात तुकारामांनी अनुग्रह दिला, असे त्या स्वतः सांगतात. ब्राह्मण स्त्रीने तुकारामांना गुरू मानणे पतीला मान्य नव्हते. त्यातून झालेला छळ आणि पुढे देहूला झालेले गुरुदर्शन त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवले आहे. या अभंगांत आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकिगतही त्या सांगतात. १७०० मध्ये शिऊर येथे त्यांचे निधन झाले. समाधी तिथेच आहे. इतर बहिणाबाईंपासून वेगळे ओळखण्यासाठी त्यांचा उल्लेख ‘बहिणाबाई पाठक’ किंवा ‘संत बहिणाबाई’ असा करतात.

बहिणाबाई चौधरी : जन्म १८८० मध्ये, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या आसोदे येथे. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ओंकार व सोपान हे मुलगे आणि काशी ही मुलगी. ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले. शेतात आणि घरात राबताना त्या ओव्या रचत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा, कवी सोपानदेव चौधरी, आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्या रचना जमेल तशा उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. सोपानदेवांनी दाखवलेल्या वहीतील कविता वाचून प्रल्हाद केशव अत्रे यांनी त्यांच्या प्रकाशनाचा आग्रह धरला आणि १९५२ मध्ये अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला. १९६१च्या ‘मानिनी’ या अनंत माने दिग्दर्शित चित्रपटात त्यांतील काही गाणी घेतली गेली आणि बहिणाबाईंचे शब्द, पुस्तक हाती न धरणाऱ्यांपर्यंतही पोचले.

नावाच्या लेखनाच्या दृष्टीने हा संग्रह महत्त्वाचा आहे. मुखपृष्ठावर ‘बहिणाबाईंची’ असे ‘ण’युक्त, आदरार्थी अनेकवचनातील रूप आहे. आत मात्र सरस्वतीला माय म्हणणाऱ्या कवितेत कवयित्री स्वतःला ‘बहिना’ म्हणते, तेही लेकीच्या नात्याने, एकवचनात. उतरवून घेणाऱ्यांनी ओव्यांतील उच्चार जपला आणि बाहेरच्या जगासाठी प्रमाण रूप वापरले. स्वतः कधी नाव न लिहिलेल्या स्त्रीचे नाव अशा रीतीने एकाच पुस्तकात दोन प्रकारे छापले गेले. पुढच्या काळात मुखपृष्ठावरील रूप पाठ्यपुस्तकांत आणि शासकीय नामकरणात गेले. ‘बहिना’ हे रूप गाण्यात आणि बोलण्यात राहिले.

संस्था व स्थळांची नावे : आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ हे पूर्ण नाव लिहिताना ‘बहिणाबाई’पेक्षा ‘कवयित्री’तच अधिक जण अडखळतात, ‘कवियत्री’ हे चुकीचे रूप सर्रास दिसते. लांबलचक नाव मथळ्यात मावत नसल्याने स्थानिक वृत्तपत्रांनी त्याचे ‘कबचौ उमवि’ असे लघुरूप केले आहे. त्यात बहिणाबाईंचा केवळ ‘ब’ उरतो आणि ‘ण’-‘न’चा प्रश्नच राहत नाही.

जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातील वस्तू जपणारे स्मृतिसंग्रहालय आहे. शहरात त्यांच्या नावाचे उद्यान आहे आणि बचत गटांच्या मालाला बाजार मिळवून देणारा बहिणाबाई महोत्सवही भरतो. जळगावच्या भवरलाल अँड कांताबाई जैन मल्टिपर्पज फाउंडेशनचा स्त्री-साहित्यिकांसाठीचा पुरस्कार ‘बहिणाई’ या रूपात नाव वापरतो. खानदेशाबाहेर, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाला निसर्गकवी बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. या नामकरणांत एक विभागणी दिसते : शासन आणि महापालिका ‘बहिणाबाई’ लिहितात, तर आपलेपणा दाखवायचा असतो तिथे ‘बहिणाई’ येते.

रोमन लिपीतील रूपे : सामान्य रोमन लेखनात ‘ण’ आणि ‘न’ यांना एकच ‘एन’ असल्याने बहिणा आणि बहिना तिथे एकरूप होतात. अभ्यासग्रंथांत ‘एन’खाली टिंब देऊन ‘ण’ दाखवतात. दुसरा भेद शब्द जोडण्याचा : संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्राचा व अभंगांचा जस्टिन अॅबट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये निघाला, त्यात ‘बहिणा’ आणि ‘बाई’ सुटे आहेत; आज दोन्ही जोडून लिहिण्याकडे कल आहे. चौधरी या आडनावाचेही रोमनमध्ये ‘ए-यू’ आणि ‘ओ-यू’ असे दोन्ही प्रकार प्रचलित असून शेवटी कुणी ‘आय’, कुणी ‘वाय’ लिहितात. त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीत किंवा संगणकावर शोध घेताना नाव आणि आडनाव यांच्या सर्व जोड्या तपासाव्या लागतात.

देवनागरी सूचीतही अडचण आहे. वर्णक्रमात ‘ण’ ‘ट’वर्गाच्या शेवटी, तर ‘न’ ‘त’वर्गाच्या शेवटी येतो, म्हणून ‘बहिणाबाई’ आधी आणि ‘बहिनाबाई’ नंतर लागते, तर दीर्घ ‘ही’ असलेले रूप ‘बहि’ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्यावर येते. एकाच व्यक्तीची नोंद अशी तीन ठिकाणी विखुरली जाऊ शकते.

गल्लत : दोन कवयित्रींत जवळजवळ अडीच शतकांचे अंतर असूनही केवळ ‘बहिणाबाई’ म्हटल्यास एकीची रचना दुसरीच्या नावावर जाण्याची शक्यता असते. ओळखीची सोपी खूण म्हणजे नाममुद्रा व भाषा. ‘बहिणी म्हणे’ अशी मुद्रा आणि जुन्या मराठीतला अभंग असेल तर रचना संत बहिणाबाईंची. शेत, मोट, घरोटे यांचे जग आणि ‘पानी’, ‘डोये’ अशी रूपे असतील तर ती बहिणाबाई चौधरी यांची. बहिरोबा किंवा बहिरजी या नावांचा बहिणाशी संबंध नाही. ती ‘भैरव’पासून आली आहेत.

आजचा वापर : खानदेशातील वयस्क स्त्रियांत हे नाव अजून भेटते, नव्याने जन्मलेल्या मुलींना ते क्वचितच ठेवले जाते. नाव एका थोर व्यक्तीशी इतके बांधले गेले की ते पाळण्यापेक्षा पाट्यांवर अधिक दिसू लागले. लेखनाच्या दृष्टीने व्यवहारात पाळली जाणारी रीत स्पष्ट आहे : व्यक्ती, ग्रंथ व संस्था यांच्या उल्लेखात ‘बहिणाबाई’ लिहावे, ओव्या छापताना मुळातील ‘बहिना’ बदलू नये, आणि जुन्या अभंगांत पाठ जसा असेल तसा ठेवून सूचीत ही सर्व रूपे परस्परसंदर्भाने जोडावीत.