बोनस कुणाच्या नावावर?

सरकारी विमा कंपनीच्या मोटार विभागात ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना १ जुलै २००२ ही तारीख विसरता येत नाही. त्या दिवशी नवं मोटर टॅरिफ लागू झालं आणि नो क्लेम बोनसची शेवटची पायरी ५० टक्क्यांवर आली. आधी ती ६५ होती. जुन्या ग्राहकांचे ५५ किंवा ६५ टक्के पुढचा क्लेम येईपर्यंत राखले गेले. क्लेम केला की ते कायमचे गेले. म्हणून पुण्यातले आमचे पासष्टवाले बंपरला पोचा आला तरी क्लेम फॉर्म मागत नसत. नाना पेठेत डेंटिंग-पेंटिंग करून घेत आणि पैसे खिशातून देत.

बोनस विमेदाराचा, गाडीचा नव्हे, हे सूत्र मला नेहमीच पटलं. जपून गाडी चालवणाऱ्याची कमाई ती विकत घेणाऱ्याला का मिळावी? पण घरात गाडी एक आणि चालवणारे दोघं असले की याच सूत्राचा काच बायकांना बसे. फियाटचं बुकिंग नवऱ्याच्या नावावर, म्हणून आरसी बुक त्याच्या नावावर, म्हणून पॉलिसीही त्याचीच. मुलांची शाळा, मंडई, सासूबाईंचा दवाखाना, सगळीकडे गाडी नेणार ती. वर्षानुवर्षं क्लेम नाही. पुढे तिने स्वतःच्या पगारातून मारुती घेतली की प्रपोझल फॉर्मवर बोनसच्या रकान्यात मला शून्य लिहावं लागे. एक प्राध्यापिका त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अहो मॅडम, ती गाडी मीच चालवत होते ना?" त्यांचं म्हणणं खरं होतं. टॅरिफमध्ये त्यासाठी जागा नव्हती.

याचा राग अशासाठी, की चालवणाऱ्याचा हक्क टॅरिफला ठाऊक होता. कंपनीची गाडी एकाच कर्मचाऱ्याकडे असेल, फक्त तोच चालवत असेल आणि पुढे ती त्याच्या नावावर झाली, तर मालकाच्या पत्रावर त्या काळातला बोनस त्याला मिळे. साहेबाला जे एका पत्रावर मिळे, ते बायकोला नवरा गेल्यावरच. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी जोडीदार, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर बोनसही येतो.

२००७ मध्ये गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. बोनसच्या २०, २५, ३५, ४५, ५० या पायऱ्या तशाच राहिल्या, नावाचं सूत्रही राहिलं. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नाही.

दोन गाड्यांची एक करायला आलेल्या जोडप्याला मी आधी दोघांच्या पॉलिसी शेजारी ठेवायला सांगत असे. जिची किंवा ज्याची गाडी विकली जाईल, त्या व्यक्तीने बोनस राखल्याचं पत्र लगेच घ्यायचं. ते ३ वर्षं चालतं. त्या मुदतीत पुढची गाडी त्याच नावावर घेतली, तर कमावलेली टक्केवारी तिला लागू होते.