लिहिलेले घरोघरी कसे पोचले?



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली की आपण तिच्यात आपले नाव कोठे आले आहे ते आधी पाहतो, आणि मग ती फडताळात जाते. हे लिहिताना मला प्रश्न पडला की, आपण लिहितो ते वाचते कोण? लेख लिहिणे हे अर्धेच काम होय. तो वाचणारीच्या हाती पोचवणे हे उरलेले अर्धे. आज घरोघरी मोबाईल आहे. बोट टेकवले की मजकूर शंभर घरी जातो. त्यामुळे हे दुसरे काम आता उरलेच नाही, असा आपला समज झाला आहे. मराठी नियतकालिकांचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. ते मराठीतील पहिले वृत्तपत्र. एका रकान्यात इंग्रजी व शेजारी मराठी, अशी त्याची मांडणी होती. हेतू थोर, संपादक विद्वान. परंतु त्या काळी ना आगगाडी होती, ना स्वस्त टपाल, ना गावोगावी वाचता येणारे लोक. १८४० साली ‘दर्पण’ बंद पडले. मजकूर कितीही मोलाचा असला तरी त्याला वाट लागते, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानी येते.

ती वाट पुढे आपल्याच ठाणे जिल्ह्यातून निघाली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली. पुढच्या आठ वर्षांत ती कल्याण, वाशिंद, आसनगाव करीत कसाऱ्याच्या घाटाखाली जाऊन पोचली. १८५४ साली साऱ्या देशासाठी टपालाची तिकिटे निघाली व पत्राचा खर्च अंतरावर अवलंबून राहिला नाही. १८६६ साली खुद्द ठाण्यात ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र सुरू झाले. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. मुंबईबाहेरच्या लोकांनीही वाचावे व लिहावे, हा विचार आता मूळ धरू लागला होता.

पण वाट झाली म्हणजे वाटसरू येतोच असे नाही. शेतकरी व कष्टकरी यांच्यापर्यंत छापील शब्द न्यावयाचा तर तो त्यांच्यातूनच जावयास हवा, हे सत्यशोधक मंडळींनी ओळखले. १८७३ साली महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. पत्राच्या पाठीशी समाज उभा होता. सभा होत होत्या, माणसे गावोगाव हिंडत होती. ज्याला वाचता येई त्याने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे, अशी ती रीत. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे पत्र मुंबईत गिरणी कामगारांमध्ये नेले. त्यानंतर वासुदेवराव बिर्जे यांनी ते चालविले, आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संपादनाची धुरा स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाईने वृत्तपत्र चालविणे ही त्या काळी केवढी गोष्ट! आपल्यापैकी कितीजणींना हे नाव ठाऊक आहे?

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी तर याहून धाडस केले. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ काढले ते शहरातून नव्हे, खेड्यातून. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील तरवडी या लहानशा गावातून हे पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरपर्यंत चालले. खेड्यात बसून छापणे व तेथून टपालाने पाठविणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना आडगावात राहणाऱ्या आपल्याला सहज यावी. ते टिकले याचे कारण, ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच अडचणींविषयी बोलत होते.

दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. तेथे लोखंडी नांगर तयार होत. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचे वृत्त देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे पत्रक सुरू केले. नांगराच्या निमित्ताने जुळलेल्या माणसांशी बोलता बोलता ते पत्रक वाढत गेले आणि ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक झाले. १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले. त्यात बायकांचे लेख आले, त्यांची पत्रे आली. वाचणारी हीच उद्याची लिहिणारी, हे या मासिकाने दाखवून दिले. पुढे विद्या बाळ यांनी ‘स्त्री’चे संपादन केले आणि १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले.

या साऱ्यांमधून एक सूत्र हाती लागते. जी पत्रे टिकली त्यांनी आधीच जुळलेली माणसे शोधली. नेमाने भेट दिली. नुसते सांगितले नाही, ऐकूनही घेतले.

आता मोबाईलकडे वळू. शब्द पोचविण्याचे इतके सोपे साधन आपल्या आज्यांना स्वप्नातही दिसले नसते. पण सोपेपणाचा धोकाही मोठा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांची अफवा मोबाईलवरून पसरलेली असताना जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे धाडता येणार नाही असे बंधन घातले. छापील पत्राखाली संपादकाचे नाव असे. चुकीचा जाब विचारता येई. पुढे ढकललेल्या निरोपाला धनी नसतो. म्हणून तो धनी आपण व्हावयाचे.

सापगावच्या आपल्या मंडळाने हे मनावर घेतले तर बरेच करता येईल. बचत गट, हळदीकुंकू, भजन, शाळेतील पालकसभा ही आपली आधीच जुळलेली माणसे. एखादीने भातलावणीच्या दिवसांविषयी, सासरच्या जुन्या पदार्थाविषयी किंवा सरकारी योजनेच्या कागदांविषयी चार ओळी लिहिल्या, तर त्या खाली नाव घालून, ठरलेल्या वारी, या मंडळींना पाठवाव्यात. जिला वाचता येत नाही तिला ओटीवर बसून वाचून दाखवावे. उत्तर आले तर त्याला उत्तर द्यावे. आणि जे आपण पडताळले नाही ते पुढे धाडू नये, मग ते कितीही जवळच्या माणसाने पाठविलेले असो.

तानुबाईंच्या हाती मोबाईल नव्हता. लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी मात्र त्यांनी घेतली होती. पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आज न लिहिणाऱ्या दोन भगिनींची नावे दिसली, तर हा लेख पोचला असे मी समजेन.