तळटीप १७ : कमिटच्या नोंदींवरून फिरणारी स्क्रिप्ट

१७. ‘नोंदींवरून फिरणारी स्क्रिप्ट’ : कोल्हापूर जिल्ह्यातल्या १२ तालुक्यांच्या गावनावांची प्रत्येकी एक फाईल, असे उदाहरण इथे धरले आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये पहिली सोडून प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटची ओळख (सहसा ४० अक्षरी) सोबत बाळगते. ‘गिट लॉग’ ताज्या नोंदीपासून मागे जातो; जुन्यापासून वाचायचे तर ‘रिव्हर्स’ हा पर्याय द्यावा.

पायथनमध्ये अख्खा लॉग एकदम मेमरीत न घेता फॉर लूपने एकेक नोंद उचलावी. कमिटचा संदेश अनेक ओळींचा असू शकतो. म्हणून ओळ संपली की नोंद संपली, असे समजू नये. ‘झेड’ पर्यायाने दोन नोंदींच्या मध्ये शून्य-बाइट येतो; तुकडे त्यावरच पाडावेत.

फाईलनावेही छापून घेतली, तर ‘झेड’ नसताना ‘कागल’ तालुक्याच्या फाईलनावातल्या ‘क’च्या जागी \३४०\२४४\२२५ दिसते. फाईल बिघडलेली नसते. इंग्रजी वर्णसंचाबाहेरचे अक्षर गिट बाइटगणिक अष्टमान आकड्यांत दाखवते; ‘क’ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा, म्हणून आकडे तीन. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव सरळ देवनागरीत येते. पायथनलाही यूटीएफ-८ स्पष्ट सांगावे. विंडोजवर तर आवर्जून. एवढ्या अडचणीपायी गावांची नावे रोमन लिपीत लिहू नयेत. गावाचे नाव गावकरी लिहितात तसेच नोंदीत राहिले पाहिजे. — संपादक