डिस्चार्ज बुकातली पदवी

भोर-वेल्ह्याकडचा फौजी पेन्शनीवर घरी येतो तेव्हा त्याच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असतं. त्यात शिक्षणाच्या नोंदी दोन: एक गावच्या शाळेची, दुसरी पलटणीतली. ही दुसरी नोंद कुठून आली?

तिचं मूळ खूप मागे आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. बाबासाहेबांच्या घरातली विद्या अशी पलटणीतून आली. पुढे महारांची भरती थांबली. वरंधा घाट उतरला की महाड. तिकडचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली या भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. भरतीबरोबर शाळाही बंद झाली होती, हे त्या अर्जामागचं दुःख मला फार मोठं वाटतं.

ज्यांची भरती चालू राहिली त्यांच्यापुढे रोमन लिपीतली उर्दू आली. जिभेवर मावळी मराठी, पाटीवर ए-बी-सी, आणि त्यावर बढती! 1917 साली जायबंदी सैनिकांना हातकाम शिकवायला क्वीन मेरी संस्था निघाली. ती आज खडकीत आहे. तिथे कसब मिळालं, कॉलेज नाही.

अमेरिकेने 1944 साली कायदा करून परतलेल्या सैनिकांची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च उचलला. सुमारे 22 लाख जण कॉलेजात गेले. आपण वेगळा रस्ता धरला. 1986 पासून दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेला माजी सैनिक गट ‘क’च्या राखीव पदांसाठी पदवीधर धरला जातो. नोकरीला ही मोठीच सोय. पण हाच कागद एम.ए.च्या प्रवेशाला चालत नाही. शिष्यवृत्ती आहे, ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना. पस्तिशीत घरी आलेल्या बापाला शिकावंसं वाटेल, हे कुणी धरलेलंच नाही.

दार किलकिलं केलं ते मुक्त विद्यापीठांनी. नाशिकचं 1989 साली सुरू झालं. बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारीतून वाट मिळाली. 2009 साली इग्नू आणि लष्कराने ‘ज्ञानदीप’ आणलं, आणि पलटणीतल्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले. नकाशा वाचणं, वायरलेस चालवणं हे पहिल्यांदा अभ्यास ठरलं. त्याआधी पेन्शनीवर आलेल्यांचं तेच शिक्षण ट्रंकेत, दुसऱ्या नोंदीत पडून आहे.