तब्ल आणि तबला

रियाधला पहिल्यांदा 'अर्दा' पाहिला तेव्हा पाय आपोआप ठेका धरायला लागले. तलवारी घेतलेल्या पुरुषांच्या रांगा आणि ढोलांचा दणदणाट. नज्दच्या या नाचाला २०१५ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. शेजारी उभा असलेला सौदी सहकारी ढोलाकडे बोट दाखवून म्हणाला, "तब्ल! तुमचा तबला आमच्याकडूनच गेलाय."

शब्द त्यांचाच, हे कबूल. आपली मंडळी यावर लगेच भाजे लेणं दाखवतात. तिथल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पात एक स्त्री ढोलांची जोडी वाजवते आहे, म्हणजे तबला आपलाच! मला दोन्ही दावे तोकडे वाटतात. नावावरून वाद्याचं कूळ ठरत नाही, आणि दगडातल्या ढोलावर शाई होती की नाही हे कोण सांगणार? खरी मेख त्या शाईतच आहे.

साध्या ताणलेल्या गोल कातड्यावर थाप मारली की एकमेकांशी न जुळणारे स्वर निघतात. मूळ कंप्रता १ धरली तर पुढच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या येतात. म्हणून ढोल घुमतो, पण सुरात लागत नाही. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरावर थर घोटून केलेली शाई पुडीचा मधला भाग जड करते, आणि त्याच कंप्रता १, २, ३, ४, ५ च्या जवळ येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं. पुढे १९३४ च्या लेखात त्यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून कंपनाचे नऊ प्रकार पाचच स्वरांत कसे सामावतात ते दाखवलं. ज्यांनी शाई घोटली त्यांनी हे सगळं नुसत्या कानानं साधलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

लेपाची कल्पना मात्र फार जुनी. नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांवर नदीकाठची काळी माती लावायला सांगितली आहे. ती नसेल तर गव्हाचं किंवा जवाचं पीठ. पखवाजाच्या डाव्या तोंडाला आपण आजही कणीक थापतोच की! आजची तबला-डग्ग्याची जोडी मात्र अठराव्या शतकात दिल्लीकडे दिसू लागते. नाव अरबी, लेप आपला.

हे सहकाऱ्याला नुसतं सांगून पटेना, म्हणून घरी बोलावलं. इथल्या कोरड्या हवेत पुडी ताणली जाऊन सूर चढतो, त्यामुळे आधी दहा मिनिटं हातोडीची ठोकाठोक. मग तानपुरा लावून थाप दिली. तो डोळे मिटून ऐकत राहिला, आणि तानपुरा बंद केल्यावर तोच सूर त्यानं गुणगुणून दाखवला.

पुढच्या शुक्रवारी तो स्वतःचा दफ घेऊन आला. वाजवण्याआधी म्हणाला, गॅस पेटव. आणि आपल्याकडे हलगी शेकतात तसा दफ आचेवर धरून उभा राहिला.