मुठीची साक्ष

चांदमारीच्या मैदानावर दोन पिस्तुले शेजारी ठेवून ‘यातले चांगले कोणते?’ असे विचारले, तर उत्तरे दोन प्रकारची येतात. एक आकड्यांचे : किती गोळ्या सुटल्या, किती अडल्या. दुसरे मुठीचे : ते हातात कसे बसते, नेम आपोआप कोठे जातो. अमेरिकन सैन्याने या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी एक पिस्तूल निवडले, तेव्हा पहिल्या उत्तराची जेवढी कदर झाली तेवढी दुसऱ्याची झाली नाही.

या निवडीचे मूळ फिलिपाईन्समध्ये आहे. तेथील दक्षिणेच्या बेटांवर मोरो लोक, आपल्याच भूमीत, या नव्या सत्तेशी लढत होते. अमेरिकनांच्या .३८ रेव्हॉल्व्हरची गोळी लागूनही हल्लेखोर थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. तेव्हा १९०४ साली थॉम्सन व लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर, तसेच टांगलेल्या प्रेतांवरही गोळ्या झाडून पाहिल्या. प्रेत किती हलले याचा अंदाज डोळ्यांनीच बांधला जाई! त्यावरून गोळी .४५ हून लहान नसावी, असा निर्णय झाला. पुराव्याच्या मानाने तो फार ठाम होता, हे आज कोणीही म्हणेल.

पुढे १९०७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात खरी परीक्षा भरली. कोल्ट, सॅव्हेज आणि जर्मनीचे लुगर ही त्यातली नामांकित मंडळी. धूळ उडवायची, नवसागराच्या पाण्यात बुडवून गंज चढवायचा आणि मग चाप ओढायचा, असा तो प्रकार होता. बर्गमनच्या पिस्तुलाचा आघात अमेरिकन काडतुसे पेटविण्यास पुरेना. नोबल नावाचे एक पिस्तूल इतके ओबडधोबड निघाले की त्यातून गोळीबार करणेच शक्य झाले नाही. लुगरची मूठ बरीच तिरकी. मनगट सरळ ठेवले की नळी लक्ष्याकडे वळते, म्हणून आजही पुष्कळ नेमबाज त्याची तारीफ करतात. परंतु लुगर पुढे शर्यतीतून बाहेर पडले, आणि कोल्ट व सॅव्हेज दोघेच उरले.

मार्च १९११ मध्ये शेवटचा सामना झाला. प्रत्येकी ६,००० गोळ्या. शंभर झाडल्या की पाच मिनिटे विसावा, हजार झाल्या की साफसफाई व तेलपाणी. सॅव्हेज ३७ वेळा अडखळले. जॉन ब्राउनिंगने रचलेले कोल्ट एकदाही अडले नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ते स्वीकारले गेले.

हात अगदीच विसरला गेला होता असे मात्र नाही. घोडदळाच्या माणसाचा एक हात लगामावर असतो. भरलेले पिस्तूल एकाच हाताने म्यानात घालता यावे, म्हणून अंगठ्याने चालणारा सुरक्षा-खटका त्यांच्या आग्रहाने बसविण्यात आला. ब्राउनिंगने मुठीचा कोनही मध्यंतरी बदलला होता. पण हजारो निरनिराळे हात शस्त्रागाराच्या अंगणात येतात कोठून? ते आले पहिल्या महायुद्धात. लहान बोटांना चाप लांब पडे. नेम धरला की नळी खाली झुके. मागे येणारा घोडा अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी चिमटीत धरी. हे दुखणे ६,००० गोळ्यांच्या हिशेबात उमटले नव्हते, कारण तेथे मोजणी पिस्तुलाच्या अडखळण्याची होती, हाताच्या नव्हे.

दुरुस्ती १९२० नंतरच्या दशकात झाली. चाप आखूड केला, त्यामागे चौकटीत बोटासाठी खाच दिली, मुठीची पाठ फुगीर केली, वरची शेपटी लांबविली, पुढची माशी रुंद केली. यंत्राच्या मुख्य रचनेला हात लावावा लागला नाही. १९२६ पासून ‘ए-१’ म्हणून ओळखले गेलेले हे पिस्तूल दुसरे महायुद्ध, कोरिया व व्हिएतनाम पाहून १९८५ मध्ये इटालियन बेरेटाला जागा देऊन मागे सरले. गमतीची गोष्ट अशी की पुढे नागरी नेमबाजांतील पुष्कळांनी ती फुगीर पाठ काढून पुन्हा सपाट पाठच पसंत केली.